मी बसले की मोटार बंद पडायची

माझ्या सासऱ्यांनी मोटार घेतली ती आमच्या लग्नाच्या तोंडावर. धुळ्याचे एक साहेब नोकरी संपवून आपल्या मुलखात परत चालले होते, त्यांची ती लढाईच्या आधीची विलायती गाडी. काळी, मोठ्या गोल दिव्यांची, चढायला बाजूला पायरी असलेली. कळसाडीच्या शिवारापलीकडच्या आमच्या त्या गावात तोवर बैलगाड्या, सायकली आणि हंगामात कापसाचा एखादा ट्रक एवढंच येत असे. चालवायला सासऱ्यांना त्या साहेबांच्याच ड्रायव्हरनं शिकवलं. कापूस, केळी, ऊस यातलं सगळं सासऱ्यांना कळायचं, पण मोटारीच्या चाकामागे बसले की पाठ ताठ करून बसायचे आणि कुणाशी अवाक्षर बोलायचे नाहीत.

आम्ही गुजर. घरी गुजरी बोलायचं, बाजारात अहिराणी, आणि मराठी फक्त शाळेत. मी सातवी शिकलेली, म्हणून आज हे मराठीत लिहिते आहे. घरातलं बोलणंही मराठीतच लिहिते, नाहीतर माझ्या नातवंडांनासुद्धा ते वाचता यायचं नाही.

लग्न माझ्या माहेरी, तळोद्याच्या बाजूला झालं. निघताना मला मोटारीत मागच्या सीटवर डाव्या कोपऱ्यात बसवलं, मधे माझी धाकटी नणंद, आणि उजवीकडे माझे यजमान. सासरे चालवायला. माय खिडकीशी येऊन रडली. वडील मात्र गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "पोरगी मोटारीतून चालली." त्यांना फार बरं वाटलं होतं. गावातली पहिलीच मुलगी मी, जी मोटारीतून सासरी गेली.

रस्ताभर काही झालं नाही. धूळ, ऊन, आणि सासऱ्यांची ताठ पाठ. संध्याकाळच्या आत आम्ही सासरच्या वेशीशी आलो. तिथं वाजंत्री उभी होती, अर्धं गाव जमलं होतं, पोरं रस्त्याच्या मधोमध नाचत होती. सासऱ्यांनी गाडी हळू केली आणि हॉर्न दाबला. हॉर्न वाजलाच नाही. पाठोपाठ इंजिनही गप्प झालं.

सासऱ्यांनी इंजिन चालू करायचा सेल्फ दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. वाजंत्रीवालेही थांबले. कुणीतरी म्हणालं, नवरानवरीला उतरवा, ढकलायला हलकी होईल. हे उजवीकडून उतरले. मला कुणी हात दिला, मी डावीकडून उतरले आणि माझा पाय जमिनीला लागतो न लागतो तोच सासऱ्यांनी सहज म्हणून सेल्फ दाबला. गाडी धडधडत चालू झाली.

गर्दीत हशा पिकला. "नवरी उतरनी आनि गाडी चालू व्हयनी!" एक जण ओरडला. त्या वेळी ती गंमतच होती. मीही पदराआड हसले असेन. आम्ही परत बसलो, गाडी निघाली, आमच्या गल्लीच्या वळणावर सासऱ्यांनी वेग कमी केला आणि ती पुन्हा बंद पडली. पुन्हा उतरलो, पुन्हा चालू. आता हसणारे कमी झाले होते. एक म्हातारी शेजारणीच्या कानाला लागली. सासरे घामाघूम होऊन म्हणाले, "जा, चालतच जा घरापर्यंत. राहिलंय किती?"

सासूबाई दारात आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांना दिसली ती धुळीतून पायी येणारी सून, आणि तिच्यामागे रिकामी, व्यवस्थित चालू असलेली मोटार.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"बंद पडते आहे," सासरे म्हणाले.

"चालू तर आहे."

"ही बसली की बंद पडते."

सासऱ्यांनी ते कुठल्याही अर्थानं म्हटलं नव्हतं. जे झालं ते सांगितलं. पण सासूबाईंच्या हातातलं ताट थोडा वेळ तसंच राहिलं, आणि मग त्यांनी मला ओवाळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ती नजर मला आवडली नाही. ती रागाची नव्हती. भ्यालेली होती.

लग्नानंतर आम्हाला दर्शनाला प्रकाशाला नेलं. या वेळी हे पुढे सासऱ्यांशेजारी बसले, मागे उजवीकडे सासूबाई, मधे नणंद, डावीकडे मी. तापीकडे उतरणाऱ्या उतारावर गाडी मंदावली आणि बंद पडली. सगळे उतरलो. चालू झाली. बसलो. देवळाजवळ पुन्हा बंद. सासूबाई मला म्हणाल्या, "तू उतर आणि चालत ये. आम्ही पुढं होतो." मी एकटी चालत गेले. मोटार देवळाच्या पायऱ्यांपर्यंत गेली, एकदाही न थांबता.

त्यानंतर शंका घ्यायला जागा उरली नाही. सासरे आणि हे शहाद्याच्या बाजाराला जात, नंदुरबारला कापसाच्या गिरणीवर जात, गाडी कधी थांबायची नाही. सासूबाई आणि नणंद नात्यातल्या लग्नांना जाऊन येत. मी नसले की नणंद खिडकीसाठी माझ्या कोपऱ्यात सरकून बसायची, तरी गाडी चालायची. मी बसले की वेशीशी, ओढ्याशी, गल्लीच्या तोंडाशी, जिथं वेग कमी करावा लागे तिथं बंद पडायची.

सासऱ्यांनी शहाद्याच्या एका मुसलमान मिस्तरींना बोलावलं. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या शहाद्याचं. आजोबा बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे, वडिलांनी पाण्याची इंजिनं दुरुस्त केली, आणि हे मोटारींवर आले होते. त्यांनी बॉनेट उघडलं. प्लग काढले, पेट्रोलनं धुतले, तारेच्या ब्रशनं घासले. झाकणाखालचे पॉइंट जळले होते ते कानशीनं साफ केले. सासऱ्यांना शेजारी बसवून गोमाई नदीच्या काठापर्यंत चक्कर मारून आणली. "पाटील, आते काही तक्रार ऱ्हावाव नही," असं सांगून चहा पिऊन गेले. पुढच्या आठवड्यात आम्ही निघालो, आणि वेशीशी गाडी बंद.

मिस्तरी पुन्हा आले. या वेळी कंडेन्सर बदलला. हा एक बोटाएवढा पत्र्याचा डबा असतो, तो बिघडला की ठिणगी नीट पडत नाही, असं त्यांनी ह्यांना समजावलं. मग कॉइल तापते म्हणून धुळ्याहून नवी कॉइल आणवली. पुढे प्लगच्या जाड तारा बदलल्या. प्रत्येक वेळी सासऱ्यांना घेऊन चक्कर, प्रत्येक वेळी गाडी उत्तम. मिस्तरी वैतागले. "मन्हा हातमा तं ती चालस, पाटील," ते म्हणाले. "मी दुरुस्त काय करू?"

मी माजघरातून ऐकत होते. मला वाटलं, आता ते विचारतील, मग बंद कधी पडते? त्यांनी विचारलं नाही, आणि सासऱ्यांनी आपण होऊन सांगितलं नाही. सून बसली की बंद पडते हे परक्या माणसाला सांगायचं तरी कसं? ते झाकायलाच हवं होतं, माझ्यासाठीसुद्धा. सासऱ्यांचा हेतू चांगलाच होता.

सासूबाई मला कधी टाकून बोलल्या नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते, कारण सासू म्हटली की लोक लगेच दुसरंच समजतात. माझ्या ताटात त्या स्वतः लोणी वाढायच्या. मला ताप आला तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसल्या होत्या. पण पोळ्याला बैलांना ओवाळायची वेळ आली तेव्हा ताट नणंदेच्या हातात दिलं. विहिरीवर पाण्याचं इंजिन बसवलं, त्या दिवशी सगळं घर मळ्यात गेलं. मला म्हणाल्या, "इंजिन सुरू होईपर्यंत तू घरीच थांब. सुरू झालं की निरोप पाठवते." मी थांबले. दूरवरून त्या इंजिनाची टकटक ऐकू आली तेव्हा मला हायसं वाटलं, आणि मग कसंतरीच झालं. कारण मीही खिडकीशी उभी राहून मनातल्या मनात म्हणत होते, सुरू होऊ दे बाई, माझ्यामुळे काही अडू नये.

माहेराहून मी शिवणयंत्र आणलं होतं. त्याच्यावर बसले आणि दोरा तुटला की माझे हात गार पडायचे. दोरा कुणाच्याही हातून तुटतो. पण मी यंत्र झाकून ठेवायला लागले.

ह्यांच्याशी याबद्दल मी एकदाच बोलले. हे नंदुरबारला मॅट्रिकपर्यंत शिकलेले, स्वभावानं मुके. म्हणाले, "माणूस बसल्यानं यंत्र बंद पडत नसतं."

"मग का पडतं?"

"ते मला माहीत नाही."

"आईंना सांगा ना असं."

त्यांनी सांगितलं नाही. बिघाडाचं कारण सापडल्याशिवाय आईला काय सांगणार, असं त्यांना वाटत असावं. मला वाटलं, कारण सापडेपर्यंत हे माझ्या बाजूला उभे राहणार नाहीत.

थंडीचे दिवस होते, कापसाची वेचणी चालू होती. एके सकाळी माझा मोठा भाऊ सायकलवर आला. त्याच्या तोंडाकडे बघूनच मला समजलं. वडिलांना छातीत कळा येत होत्या, श्वास लागत होता. गावच्या वैद्यानं हात टेकले होते. शहाद्याचा डॉक्टर घेऊन चला, आणि हिला सोबत आणा, ते सारखं हिचंच नाव घेताहेत, असं भाऊ म्हणाला.

सासरे किल्ली घेऊन उठलेच. "चल पोरी, बस."

सासूबाई ओट्यावर आल्या. त्या हळू आवाजात, पण स्पष्ट बोलल्या. "शहाद्याहून डॉक्टर घ्यायचा आहे. वाटेत किती ओढे आहेत. ही बसली आणि गाडी अडली, तर डॉक्टर कसा पोचणार?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी माहेरी कधी सांगितलंच नव्हतं. हे दारात उभे होते.

मीच म्हणाले, "मी नाही बसत. तुम्ही डॉक्टर घेऊन जा. मी दमणीनं येते."

भाऊ आणि सासरे मोटारीनं गेले. दमणी, म्हणजे आमची माणसं न्यायची हलकी बैलगाडी, सालदार गड्यानं जुंपली. मी आणि हे तिच्यात बसलो. सालदारानं बैल जितके पळतील तितके पळवले. मी सारखी पुढे बघत होते, वाटेत कुठे काळी मोटार उभी दिसते का म्हणून. ती दिसू नये असं वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर, थोडं दिसावीशीही वाटत होती. मी नसतानाही ती एकदा बंद पडलेली मला बघायची होती. वडील तिकडे अंथरुणावर असताना माझ्या मनात हे येत होतं.

मोटार कुठेच दिसली नाही. आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अंगणात बायका बसलेल्या होत्या, आणि मी दमणीतून उतरले तशा त्या सगळ्या एकदम रडायला लागल्या.

डॉक्टर वेळेत पोचले होते. त्यांनी इंजेक्शन दिलं, वडिलांना थोडा वेळ बरं वाटलं, बोलता आलं. "आली का?" असं त्यांनी विचारलं. भावानं सांगितलं, येते आहे, मागून येते आहे. "मोटारीत नव्हती?" त्यांनी विचारलं. मग दुपारी ते गेले.

हे मला भावानं नंतर सांगितलं. सासऱ्यांनी काय सांगितलं तेही आठवतं. ते बिचारे काहीतरी बोलायचं म्हणून माझ्या काकांना म्हणाले, "गाडी एकदाही थांबली नाही. आम्ही वाऱ्यासारखे आलो." माय तिथंच बसली होती. तिनं मान वर करून आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. पण वडिलांचं दिवसकार्य होईपर्यंत तिनं भावाकडून सगळं काढून घेतलं.

दिवसकार्य झाल्यावर मी सासरी परतले, बसनं. घरात माझ्याशी सगळे जपून बोलत. हे मात्र बदलले होते. एकदा जेवताना पानावरून उठून म्हणाले, "बाबा, एक तर या गाडीचा बिघाड सापडला पाहिजे, नाहीतर ती विकून टाका. मला ती दारात नको."

"मिस्तरीला काही सापडत नाही," सासरे म्हणाले.

"मिस्तरीला खरं कुठं सांगितलंय आपण? ही बसली की बंद पडते, हे सांगितलंय कधी?"

सासूबाईंचा हात भाकरीवर थांबला. ह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या दिवशी हे माझ्याशी माजघरात येऊन बोलले. "तू दर वेळी त्या गाडीत बंद पडताना बसलेली आहेस. काय होतं, ते सांग. काहीही."

मी सांगितलं, "आधी हॉर्न मुका होतो."

"म्हणजे?"

"वेशीशी बाबा हॉर्न दाबतात, तो वाजत नाही. मग इंजिन बंद पडतं. पहिल्या दिवशीसुद्धा तसंच झालं होतं."

ह्यांनी विचारलं, "आजपर्यंत बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?"

मिस्तरी आले तेव्हा ह्यांनी त्यांना सगळं सांगितलं. कुठे बंद पडते, कोण बसल्यावर बंद पडते, हॉर्नचं काय होतं. मिस्तरींनी कपाळाला हात लावला. म्हणाले, हॉर्न पण जातो, तर मग प्लग, पॉइंट, कॉइल यांचा काही संबंध नाही. सगळा करंटच तुटतो आहे. इतके दिवस आपण चुकीच्या घरात चोर शोधतो आहोत. त्यांनी किल्लीच्या स्विचमागच्या तारा उलगडल्या. एकेक ओढून पाहिली. मागची सीट उचलून बाजूला ठेवली, कारण या गाडीची बॅटरी मागच्या सीटखाली होती. बॅटरीची टोकं साफ केली, घट्ट केली. दिवा लावून पाहिला, हॉर्न वाजवून पाहिला. सगळं ठीक. सीट परत बसवली. गाडी खळ्यातच, घरापुढच्या अंगणात, चालू करून ठेवली. ठीक.

मग त्यांनी मान खाली घालून विचारलं, "वहिनी बसतील का?"

मी दाराच्या आत उभी होते. शेजारच्या ओट्यांवर बायका येऊन बसल्या होत्या, पोरं भिंतीवर चढली होती. मी बसणार, गाडी बंद पडणार, आणि सगळं गाव ते डोळ्यांनी बघणार. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी बोलावलं नाही. मी आपली आपण गेले आणि डाव्या कोपऱ्यात बसले.

इंजिन मंद चालू होतं. क्षणभर तसंच चाललं. मग बंद पडलं.

मिस्तरींनी हॉर्न दाबला. मुका. ओट्यावरून एक बाई 'च्‌ च्‌' करताना मला ऐकू आली. मी मान वर करू शकत नव्हते.

"उतरा, वहिनी," मिस्तरी म्हणाले. मी उतरले. त्यांनी सेल्फ दाबला, गाडी चालू झाली. ते काही तरी पुटपुटत डोकं खाजवायला लागले.

तेवढ्यात सासूबाई ओट्यावरून उतरल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, चालू गाडीकडे सरळ चालत आल्या आणि दार उघडून माझ्या जागेवर बसल्या. त्या अंगानं माझ्यापेक्षा चांगल्याच भरलेल्या होत्या. सीट कुरकुरली.

इंजिन लगेच बंद पडलं.

सासूबाई तशाच बसून राहिल्या. समोरच्या काचेतून बघत होत्या. त्यांच्या ओठांचा रंग गेला होता. सासरे म्हणाले, "अगं, उतर." त्या उतरल्या नाहीत. "पुन्हा चालू कर," त्या मिस्तरींना म्हणाल्या. मिस्तरींनी सेल्फ दाबला. काही नाही. त्या उजवीकडे सरकल्या. "आता." गाडी चालू झाली. त्या परत डावीकडे सरकल्या. बंद.

मग त्या उतरल्या आणि कुणाशी न बोलता घरात निघून गेल्या.

मिस्तरींनी या वेळी सीट उचलायच्या आधी ह्यांना सीटवर डावीकडे बसवलं आणि स्वतः गाडीखाली आडवे झाले. खालून त्यांचा आवाज आला, "हाई दखा, पाटील!" बॅटरीतून एक चपटी, वेणीसारखी विणलेली तार निघून गाडीच्या लोखंडाला बोल्टानं आवळलेली असते. सगळा करंट तिच्यातूनच परत फिरतो. त्या बोल्टाभोवतीचा पत्रा गंजून खिळखिळा झाला होता. सीटवर वजन आलं की चौकट खाली दबायची, वेणी ओढली जायची आणि बोल्टाखालचं तिचं टोक पत्र्यापासून सुटायचं. आधी ते वजन आणि रस्त्याचे हादरे मिळूनच सुटायचं, म्हणून घरून निघताना गाडी चालू व्हायची; आता गंज वाढून नुसत्या वजनानंच सुटत होतं. गाडी वेगात असेल तर डायनामो वीज पुरवतो, म्हणून रस्त्यात काही कळायचं नाही. वेग कमी झाला की सगळा भार बॅटरीवर, आणि तिथं तार सुटलेली. नणंद चिमणीएवढी, तिच्या वजनानं काही व्हायचं नाही. आणि बॅटरी तपासली तेव्हा सीट उचलून बाजूला ठेवली होती, त्यामुळे तार आपल्या जागी टेकलेली होती.

गंज खरवडून, नवा पत्रा लावून, बोल्ट आवळायला मिस्तरींना चहा निवण्याइतकाच वेळ लागला. सासरे हात मागे बांधून बघत उभे होते. "एवढंच?" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "एवढंच होतं?"

मी आत गेले. सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या, पण चूल पेटवलेली नव्हती. त्यांनी मला शेजारी बसायला खुणावलं. मला राग आला होता. एवढा राग मला त्याआधी कधी आला नव्हता, आणि तो नेमका कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "तुझ्या मायकडे जायचं. मी येते सोबत."

आम्ही गेलो. सासरे चालवायला, मागे मी आणि सासूबाई. ओढे आले, वळणं आली, गाडी कुठे थांबली नाही. माहेरच्या अंगणात मोटार उभी राहिली तेव्हा माय दारात आली. ती फार वाळली होती. तिनं मला पोटाशी धरलं नाही. सासूबाईंना बसायला गोधडी घातली, पाणी दिलं आणि समोर बसली.

सासूबाईंनी आडवळण घेतलं नाही. "दोष गाडीत होता," त्या म्हणाल्या. "तुमच्या पोरीत नव्हता. मी चुकले. हे सांगायलाच आले."

माय सगळं ऐकून घेत होती. सासूबाईंनी तारेचं, गंजाचं, सगळं सांगितलं. आपण स्वतः बसलो तेव्हाही गाडी बंद पडली, हेही सांगितलं. मायनं मधे एकदाही विचारलं नाही. सगळं सांगून झालं तेव्हा ती म्हणाली, "आणि नसता सापडला तर?"

सासूबाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"गाडी समजा विकली असती," माय म्हणाली. "नाहीतर मिस्तरी कंटाळला असता. नसताच सापडला तो गंज. तर माझी पोर तुमच्या घरात काय म्हणून राहिली असती?"

तिचा आवाज चढला नव्हता. सासरे अंगणात गाडीच्या टपावरची धूळ पुसत होते, त्यांना काही ऐकू गेलं नाही. सासूबाई खाली बघत बसल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मायनं ते पाहिलं आणि उठून चहा ठेवायला आत गेली. तिनं त्यांना माफ केलं की नाही, मला कधी कळलं नाही. पुढची कितीतरी वर्षं त्या दोघी लग्नाकार्यांत भेटत राहिल्या, एकमेकींची विचारपूस करत राहिल्या. पण त्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही, आणि मायनंही पुन्हा विचारलं नाही.

गावातलं बोलणं लगेच थांबलं असंही नाही. काही बायका म्हणत, मिस्तरीनं सुनेची लाज राखायला कहाणी रचली. पुढे आमच्या गल्लीत एका नव्या सुनेच्या पायगुणाची कुजबुज सुरू झाली, तेव्हा सासूबाई बोलणाऱ्या बाईसमोरून उठून निघून आल्या. तेवढं त्यांनी शेवटपर्यंत केलं. मीही हळूहळू शिवणयंत्रावरचं फडकं काढलं. दोरा तुटला तर नवा ओवायला शिकले. पण कुठलंही यंत्र सुरू करताना मनातल्या मनात 'सुरू होऊ दे बाई' म्हणायची सवय मात्र गेली नाही.

त्या दिवशी माहेराहून परत निघालो तेव्हा दुपार टळत होती. माय दारात उभी होती. गाडी वळली, गावाबाहेर आली, आणि मला एकाएकी रडू फुटलं. वडील गेले तेव्हा मी रडले होते, पण ते चारचौघींच्या बरोबरीचं रडणं होतं. हे वेगळं होतं. ते थांबेचना. सासरे दचकले. त्यांनी गाडी हळू करत रस्त्याच्या कडेला घेतली आणि मागे वळून विचारलं, "काय झालं? काही आवाज आला का गाडीचा?"

सासूबाईंनी माझं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं.

"काही नाही झालं," त्या म्हणाल्या. "तुम्ही चालवा. तिला रडू द्या."